यादीतलं कमलनगर

अण्णा स्क्रीनला उत्तर द्यायचे. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. कॉम्प्युटरनं काही विचारलं की ते खुर्ची मागं सरकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, ती इंग्रजी ओळ एकेक शब्द सुटा करून वाचायचे आणि आपल्या बोलीत उतरवून घ्यायचे. 'आर यू शुअर' असं आलं की म्हणायचे, "नक्की का, असं इचारायलंय. हे इचारायलंय म्हंजे त्याला बी शंका हाय. मग आपुन कामून घाई करायची?" मग स्क्रीनकडं बघून, "थांब बाबा जरा. सांगतो." दोन मिनिटं विचार, वहीत एकदा नजर, आणि मग एंटर. मी नवीन होते तेव्हा त्या दोन मिनिटांत माझा जीव जायचा. आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय आणि तशी दोन मिनिटं मला कुणी देत नाही.

या महिन्यात आमच्याकडं पुन्हा नवीन व्हर्जन चढवायची वेळ आली. कितवं, ते मोजायचं मी सोडून दिलंय. जुनं आपलं नीट चाललेलं असतं. मग कुणीकडून तरी पत्र येतं की अमुक दिवसानंतर जुन्याची जबाबदारी आमची नाही. दुखत नसलेला दात काढून घ्यायला बसावं तशी मी दर दोन-तीन वर्षांनी त्या खुर्चीत बसते, आणि बसले की अण्णांची आठवण येते. कौतुकाची येते, आणि दुसरीही एक येते. आज दोन्ही लिहून टाकते. किती दिवस वागवायचं.

त्यांचं खरं नाव दवाखान्यात कुणाच्याच तोंडी नव्हतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते 'सिस्टीमवाले अण्णा'. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, बीदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. अण्णा तिथं वायरमन म्हणून लागले होते. दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्लग लावायला म्हणून त्यांना त्या खोलीत बोलावलं. प्लग लावून ते बाहेर आलेच नाहीत. आय.टी.आय. कन्नडातून झालेलं, घरची बोली मराठी, बाजारात दखनी, आणि इंग्रजी खोक्यांवरची वाचून वाचून शिकलेली. मी चिटगुप्प्याची, आमच्या घरात डिप्लोमा झालेली पहिलीच. कॉन्ट्रॅक्टवर त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांच्या मोठ्या मुलीएवढी होते, तरी पहिल्या दिवसापासून मला 'अक्का' म्हणाले. "निधान, अक्का, निधान." कन्नडात निधान म्हणजे सावकाश. माझं आडनाव दवाखान्याला कळायच्या आधी हा शब्द माझ्यामागं लागला.

आमचं ते सॉफ्टवेअर काय करतं, ते सांगायला हवं. दवाखान्यात तीसेक कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत मोठ्या कपाटासारख्या रॅकमध्ये सात सर्व्हर. यांतलं कुठलंही मशीन चालू झालं की सगळ्यात आधी वायरवरून या सॉफ्टवेअरला विचारतं, मी कोण? सॉफ्टवेअर आपल्या यादीत बघतं. ओळखीचं असलं तर सांगतं, तू अमुक, तुझ्यात सगळं भरलेलं आहे, चल कामाला लाग. नवीन असलं तर सांगतं, थांब, आधी तुला पुसून घेतो, नाव देतो आणि सगळं नव्यानं भरतो. अण्णा याला बारसं म्हणायचे. "आज लॅबमधल्या नव्या डब्याचं बारसं हाय, अक्का." आणि खरोखर त्या दिवशी घरून काहीतरी गोड आणायचे. एकदा हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणली होती स्टीलच्या डब्यातून. ती आम्ही दोघांनी आणि एक्स-रेच्या डॉक्टरांनी खाल्ली.

नावं अण्णाच ठेवायचे. दुसरीकडं सर्व्हरला नंबर देतात, आमच्याकडं गावं होती. हुमनाबाद, भालकी, औराद, आळंद, चिटगुप्पा, कमलनगर, मादन हिप्परगा. चिटगुप्पा मी लागल्यावर आलं, माझ्यासाठी. मादन हिप्परगा हे अण्णांचं स्वतःचं गाव, आळंद तालुक्यातलं. एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट, सगळं त्या मशीनमध्ये. "जड काम हाय ना, मग आपल्या गावच्यानंच उचलावं," म्हणायचे. दवाखान्यात यावरून मोठी मजा चालायची. रिसेप्शनवरून फोन यायचा, "अण्णा, भालकी लई हळू चाललीय," आणि बाकावर बसलेला पेशंटचा भाऊ विचारायचा, "रस्त्याचं काम निघालं का काय?"

कमलनगर हे त्यांच्या बायकोचं माहेर. आमच्याकडं सासरी आलेल्या बाईला गावभर तिच्या माहेरावरून ओळखतात, तसं त्या बाईला सगळे 'कमलनगरवाली' म्हणायचे, अण्णाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नसेल. "कमलनगरवालीनं आज कडक भाकरी दिलीय, घे." "कमलनगरवालीला इचारून सांगतो." त्या मला दोनदाच भेटल्या. दुसऱ्यांदा भेटल्या तेव्हा आमच्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होत्या. अण्णा जिना चढून वर जायचे, खाली यायचे, मशीन बघायचे, पुन्हा वर जायचे. पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. दहाव्या दिवसानंतर अण्णा कामावर आले, खुर्चीत बसले आणि स्क्रीनवर काय आलंय ते मोठ्यानं वाचायला लागले. आवाज तेवढा बारीक झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन कमलनगर जळालं. म्हणजे मशीन. वास आला, धूर आला आणि गेलं. त्यातलं फक्त वायर जोडायचं कार्ड शाबूत होतं. त्याच झटक्यात मादन हिप्परग्याचं कार्ड मात्र गेलं होतं. नवीन कार्ड मागवायला हैदराबादला माणूस पाठवावा लागला असता आणि इकडं एक्स-रे खोळंबलेले. अण्णांनी कमलनगरचं कार्ड काढलं, फडक्यानं पुसलं आणि मादन हिप्परग्यात बसवलं. वीस मिनिटांत काम चालू. आमच्याकडं असंच चालतं. एकाचं काढून दुसऱ्याला लावल्याशिवाय कुठलीच वस्तू पाच वर्षं टिकत नाही.

पण या कार्डाची एक गोष्ट असते. माणूस तोंडावरून ओळखतात, तसं ते सॉफ्टवेअर मशीनला कार्डावरच्या नंबरावरून ओळखतं. आता एकाच कार्डाच्या नंबरावर यादीत दोन नावं झाली. मादन हिप्परगा, जे चालू होतं, आणि कमलनगर, जे नव्हतं. सरळ काम म्हणजे कमलनगर यादीतून काढून टाकायचं. अण्णांनी काढलं नाही. "ट्रस्ट नवीन डबा देणार हाय. आला की तेच नाव देऊ," म्हणाले, आणि कमलनगरच्या पुढं शेरा मारून ठेवला, 'नव्यानं भरायचं बाकी'. डबा काही आला नाही. जुनं सॉफ्टवेअर भोळं होतं. दोन नावं दिसली तर ते यादीतलं खालचं नाव खरं धरायचं, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं खालचं होतं मादन हिप्परगा. त्यामुळं गाडी चालत राहिली. मी एकदा म्हणाले, "अण्णा, ते नाव काढावं लागंल." ते म्हणाले, "काढू की." सकाळी कधी आधी पोचले तर दिसायचं, ते यादी उघडून बसलेले असायचे आणि मी आले की बंद करायचे.

वहीबद्दल सांगायचं राहिलं. रॅकच्या बाजूला खिळ्याला दोरीनं बांधलेली एक लांबट वही असायची. अण्णांनी पट्टीनं रेघा मारून तीन रकाने केले होते. काय केलं, कामून केलं, कोणी केलं. पहिल्या दोन रकान्यांत मराठी, कन्नड, इंग्रजी सगळं एकत्र नांदायचं. तिसऱ्यात एकच शब्द, 'मी' किंवा 'अक्का'. "मशीनला इसरायची सवय न्हाई, मानसाला हाय. म्हणून वही," असं म्हणायचे. कशालाही हात लावण्याआधी मागची पानं चाळायची, असा त्यांचा नियम होता. मला त्या नियमाचा कंटाळा होता. हे मी आज लिहिते, तेव्हा उघड कधी बोलले नाही.

मग नवीन व्हर्जनचं पत्र आलं. सेक्रेटरी साहेबांनी दोघांना बोलावलं. जुनं व्हर्जन आता धोक्याचं झालंय, महिन्याच्या आत नवीन चढवा, जमणार नसेल तर सांगा, हैदराबादची एक कंपनी सगळं काम उचलायला तयार आहे. साहेब वाईट माणूस नव्हते, पण ट्रस्टींचा रेटा त्यांच्यावर होता. त्याच बैठकीत दोन गोष्टी बोलल्या गेल्या. अण्णांच्या निवृत्तीला सात महिने होते आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं. अण्णांना ती हवी होती, कारण धाकटीचं नर्सिंग अजून दीड वर्ष चालणार होतं आणि, ते स्वतःच म्हणायचे, रिकाम्या घरात दिवसभर बसून काय करू. दुसरी गोष्ट माझी. मला कायम करायचा कागद त्याच महिन्यात ट्रस्टींपुढं जाणार होता. माझ्या वडिलांनी विहारात, गल्लीत, बसस्टँडवर, सगळीकडं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे हे काम नीट पार पडणं दोघांच्याही गळ्याशी आलेलं होतं.

आम्ही रविवार धरला. ओपीडी बंद, गर्दी नाही. एप्रिलचं ऊन, खोलीतला एसी कण्हत होता. सकाळी नऊला बसलो. मी पुढं, अण्णा माझ्या पाठीमागं स्टुलावर. त्या दिवशी ते थकलेले दिसत होते. मीही थकले होते, कारण आठवडाभर मी घरी ते व्हर्जन कसं चढवायचं तेच वाचत होते. दहाला त्यांनी विचारलं, "वही बघितलीस व्हय?" मी म्हणाले, "बघितले." चाळली होती, वाचली नव्हती.

जुन्या यादीतली नावं नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची वेळ दुपारी एकच्या सुमाराला आली. ओळीमागून ओळी सरकत होत्या. अण्णा आधी वाचत होते, मग वाचायचे थांबले. शेवटी एक ओळ येऊन थांबली. एकाच कार्डाच्या दोन नोंदी आढळल्या, एक ठेवली, एक वगळली, पुढं जायचं का? मी ती वाचली. कुठली ठेवली आणि कुठली वगळली, हे बघायला दुसरं पान उघडावं लागत होतं. माझ्या मानेला रग लागली होती, भूक लागली होती. मागून 'निधान' येईल म्हणून मी क्षणभर थांबलेसुद्धा. मागून काही आलं नाही. मला वाटलं, अण्णांचा डोळा लागला. मी एंटर दाबलं.

दोन वाजता सगळं हिरवं दिसत होतं. नवीन व्हर्जन उभं राहिलं. अण्णांनी डबा उघडला, आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तीनला लाइट गेली. त्यात नवल काही नव्हतं, आमच्याकडं एप्रिलमध्ये दुपारी लाइट जायचीच. पण रविवार म्हणून जनरेटरवाला सुट्टीवर होता आणि बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या. वीस मिनिटांत एकेक करत सगळी मशीनं बंद पडली. लाइट आली तशी सगळी एकदम उठली आणि सगळ्यांनी नव्या सॉफ्टवेअरला विचारलं, मी कोण?

मादन हिप्परग्यानंही विचारलं. नवीन व्हर्जन कडक होतं. एका कार्डाला एकच नाव, आणि दोन असतील तर यादीतलं वरचं ठेवायचं. त्यानं कमलनगर ठेवलं होतं आणि मादन हिप्परगा गाळलं होतं. तेव्हा त्यानं कार्ड बघितलं आणि सांगितलं, तू कमलनगर. तुला नव्यानं भरायचं बाकी आहे. थांब, आधी पुसून घेतो.

अण्णांनी ते माझ्या आधी ओळखलं. दिवा ज्या चालीनं लुकलुकत होता त्यावरून असेल. ते उठले, रॅकच्या मागं गेले आणि हातानं वायर ओढून काढली. चार मिनिटं झाली होती. तेवढ्यात सगळं गेलं होतं. मादन हिप्परग्याची नक्कल दर पंधरा दिवसांनी निघायची आणि शेवटची निघून अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांचे एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट, सगळं कोरं. अण्णा वायर हातात धरून उभे होते. मी वही काढली आणि ती नोंद सापडायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. 'कमलनगरचं कार्ड मादन हिप्परग्याला दिलं. एक्स-रे थांबलेत म्हणून. मी.'

सोमवारी सकाळी मी त्यांच्या आधी पोचले आणि कमलनगर यादीतून काढून टाकलं. त्यांना ते बघावं लागू नये एवढंच मनात होतं. ते आले, यादीवर नजर फिरवली, आणि म्हणाले, "चल, साहेब बोलावायलेत."

साहेबांनी एवढंच विचारलं, "हे झालं कसं?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ओळ मला दिसली होती, मी न बघता पुढं गेले. आठ-नऊ शब्द. मी ते गिळले. अण्णा म्हणाले, "साहेब, गेलेल्याचं नाव यादीत मी ठेवलो. काढायला पायजे हुतं, काढलो न्हाई. चूक माझी हाय." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणून मला गप्प बसणं सोपं गेलं. साहेब म्हणाले, "अण्णा, आता तुमचंही वय झालं." बस. मुदतवाढीचा विषय त्या खोलीत पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचा कागद आला. वडिलांनी पेढे वाटले. मी अण्णांना पेढा दिला तर त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून खिशात ठेवला आणि म्हणाले, "धाकटीला नेतो. तिला म्हनतो, बघ, असं शिकावं."

त्या अकरा दिवसांतले पेशंट दीडशेच्या वर होते. अण्णांनी रजिस्टरमधून सगळ्यांचे फोन काढले आणि रिसेप्शनच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून एकेकाला फोन करत बसले. समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत माफी. कन्नडवाल्याला कन्नडात, मुसलमान आजीला दखनीत, "अम्मा, हमारी गलती हुई, फिरसे आना पडता, गाडी का किराया नक्को सोचो, मैं देतूं." कुणी शिव्या द्यायचे, कुणी मुकाट्यानं हो म्हणायचे. कमरेला पट्टा बांधलेला एक म्हातारा औरादच्या पलीकडून दोन बस बदलून आला. अण्णा त्याला धरून आत घेऊन गेले आणि एक्स-रे होईस्तोवर बाहेर उभे राहिले. मी हे सगळं काचेतून बघत होते. मीसुद्धा फोन करते म्हणाले तर म्हणाले, "तू मशीन बघ अक्का. मानसं माझ्याकडं राहू दे."

त्या रविवारची नोंद मी भीत भीत बघितली. तीन रकाने भरलेले होते. 'नवीन व्हर्जन चढवलं. जुन्याची मुदत संपली म्हणून.' आणि तिसऱ्यात, जिथं माझं नाव यायला हवं होतं तिथं, 'मी'. सात महिन्यांनी ते गेले. शाल, नारळ, चहा, आणि साहेबांचं चार वाक्यांचं भाषण. निघताना त्यांनी दोरी सोडून वही माझ्या हातात दिली. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकले. "निधान," एवढंच म्हणाले आणि आळंदच्या गाडीकडं गेले.

त्यानंतर मी त्यांना फोन करायचं टाळलं. सणाला मेसेज पाठवायचे, त्यांच्याकडून हात जोडलेलं चित्र यायचं. सहा वर्षं अशीच गेली. व्हर्जनं आली, गेली. मी इनचार्ज झाले. मशीनं चालवण्याचा थकवा येत नाही, बाईमाणसाला थकवायला घर पुरतं. मला थकवलं त्या एका गिळलेल्या वाक्यानं. मागच्या वर्षी त्यांच्या धाकटीचा फोन आला, ती आता कलबुर्गीत नर्स आहे. म्हणाली, "अप्पांची तब्येत बरी न्हाई. तुमचं नाव काढतेत." मी त्याच आठवड्यात मादन हिप्परग्याला गेले.

अण्णा दारात बाजेवर बसून तूर निवडत होते. हाडं तेवढी राहिली होती. मला बघून चष्मा कपाळावर चढवला. चहा झाला, वडिलांची चौकशी झाली, कितवं व्हर्जन चालू आहे ते विचारून झालं. मग मी खाली बघत म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी ती ओळ मला दिसली हुती. मी वाचले, आन् तशीच पुढं गेले. साहेबापुढं बोलले न्हाई. तुमची मुदतवाढ माझ्यामुळं गेली."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कसं म्हाईत?"

"मी मागंच बसलो न्हवतो का. मी बी वाचलो की."

"मग मला कामून थांबवलाव न्हाई?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "दोन नावं, एक कार्ड. एक गाळलं म्हणायलतं. मला वाटलं, गेलेलंच गाळलं असंल. नवीन व्हर्जन हाय, शहाणं असंल, जित्तं कुठलं आन् मेलेलं कुठलं त्याला कळत असंल." त्यांनी सूप हलवलं. "रोज सकाळी मी त्या नावावर बोट न्यायचो, अक्का. आन् माघारी आणायचो. त्या दिवशी म्हणलो, आपल्या हातानं हुईना. मशीन काढायलंय तर काढू दे. म्हणून गप बसलो." आणि मग, कुणाची तरी खोड सांगावी तसं, "त्यानं जित्तं काढलं बघ."

मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. त्यांनी मला उगी म्हटलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "नंतर कमलनगर तूच काढलीस न्हवं?" मी मान हलवली. "बरं केलीस," म्हणाले. "कुनी तरी हातानं काढायलाच पायजे हुतं." निघताना धाकटीच्या हातून मला दोन किलो तूर बांधून दिली. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत ते गेले. तेव्हा मी जाऊ शकले नाही, दवाखान्यात सरकारी तपासणी चालू होती.

काल रविवार होता. नवीन व्हर्जन चढवायला मी एकटीच बसले होते. आधी वही वाचली, पहिल्या पानापासून, तीन तास लागले. मग यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि दुपारी शेवटी एक ओळ येऊन थांबली. या व्हर्जनला एक नवीन खोड आहे. सॉफ्टवेअर चालवायची परवानगी असलेली जी माणसं बरीच वर्षं लॉगिन करून आत आलेली नाहीत, त्यांची नावं ते समोर ठेवतं आणि विचारतं. एकच नाव होतं. 'अण्णा'. मी ते इतकी वर्षं काढलं नव्हतं. खाली विचारलं होतं, मी काढू, की तुम्ही काढता? मी 'तुम्ही'वर गेले, तर 'आर यू शुअर' आलं. मी खुर्ची मागं सरकवली. मोठ्यानं वाचलं. "नक्की का, असं इचारायलंय." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पूर्ण दोन मिनिटं मी बसून राहिले.

मग ते नाव मी माझ्या हातानं काढलं. खिळ्यावरची वही घेतली आणि तीन रकाने भरले. अण्णांचं नाव काढलं. ते आता येणार नाहीत म्हणून. मी.